ब्लीच आणि स्ट्रेटनिंग झालेल्या केसांसाठी परवडणारा कंडिशनर कसा निवडावा?

प्रश्न: राठकेस
आधी ब्लीच, त्यावर स्ट्रेटनिंग. मुळांकडचे नवे केस ठीक आहेत, पण खालची लांबी ओली असताना रबरासारखी ताणली जाते आणि वाळली की भरड होते. गुंता सुटता सुटत नाही. महागडे मास्क परवडत नाहीत. ‘डॅमेज रिपेअर’ तर प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं. मागची यादी वाचायची कशी? सिलिकॉन टाळावं का? केराटिनवालाच घ्यावा का?

मृण्मयी_०७
यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात. 1 टक्क्याच्या खालचे मात्र कसेही लिहिलेले चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह सहसा 1 टक्क्याच्या आतच असतं, त्यामुळे त्याच्या मागे लागलेलं आर्गन तेल, रेशीम वगैरे नावापुरतंच समजा.

पाणी सोडून पहिल्या पाच-सहा नावांत दोन गोष्टी हव्यातच. पहिली, सीटाइल, स्टिअरिल किंवा सीटिअरिल अल्कोहोल. नाव ऐकून घाबरू नका, ही मेणासारखी असतात, केस कोरडे करत नाहीत. कोरडं करतं ते डिनेचर्ड किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते वरच्या नावांत दिसलं तर बाटली परत ठेवा. दुसरी, धन प्रभार असलेला घटक: बेहेनट्रायमोनियम क्लोराइड (किंवा मेथोसल्फेट), सीट्रिमोनियम क्लोराइड, नाहीतर स्टिअरामिडोप्रोपिल डायमिथिलअमाइन. ब्लीचमुळे केसातल्या सिस्टिनचं (केसाच्या प्रथिनांना आपसात बांधणारा घटक) काही प्रमाणात सिस्टेइक आम्ल होतं आणि केसावरचा ऋण प्रभार वाढतो. त्यामुळे हे घटक जिथे केस जास्त खराब तिथेच जास्त चिकटतात. या कामाला महागडं काही लागत नाही, साध्या बाटलीतही हेच असतं. निवड असेल तर ‘बेहेन’वालं घ्या. त्याची साखळी 22 कार्बनची, सीट्रिमोनियमची 16 ची. लांब साखळी केस जास्त मऊ ठेवते.

सिलिकॉन टाळू नका. केसाच्या बाहेर 18-एमईए नावाचा स्निग्ध थर असतो, तो ब्लीचने निघून जातो. म्हणून केस पाणी शोषतात आणि एकमेकांत अडकतात. त्या थराची जागा थोडीफार सिलिकॉनच भरून काढतं. यादीत अमोडायमेथिकोन हे सिलिकॉन शोधा. ते खराब भागावर जास्त बसतं आणि थोडं असलं तरी पुरतं, त्यामुळे यादीत खाली दिसलं तरी चालेल.

आणि ‘रिपेअर’चं म्हणाल तर, स्ट्रेटनिंगमध्ये सिस्टिनचे बंध तोडून पुन्हा जोडतात आणि सगळे काही जुळत नाहीत. साधा कंडिशनर ते जोडत नाही. तो घर्षण कमी करतो, म्हणजे विंचरताना तुटणं कमी होतं. एवढ्यावरच पैसे खर्च करा.

कंगवा
किमतीचं एक राहिलं. बाटलीची किंमत नको, 100 मिलीला किती पडतं ते काढा. आणि एकाच कंपनीचा मास्क नि कंडिशनर शेजारी धरून बघा. पहिली सहा-सात नावं तीच असतील तर मास्क म्हणजे तोच माल जरा घट्ट करून छोट्या डब्यात भरलेला. कंडिशनर घ्या, हात सढळ ठेवा.

लावण्याची पद्धत चुकली तर भारीतलाही वाया जातो. शाम्पूनंतर केस हलक्या हाताने पिळून पाणी काढा. निथळत्या केसांवर लावलं तर पातळ होऊन वाहून जातं. खांद्याखालपर्यंतच्या केसांना दोन ते तीन चहाचे चमचे, म्हणजे 10-15 मिली. टोकांपासून सुरुवात करून कानापर्यंत या, टाळूला नको. कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवा. रबरासारखे ओले केस कंडिशनरशिवाय विंचरणं म्हणजे तोडणंच. तीन ते पाच मिनिटं पुरे. अर्धा तास ठेवून फारसं काही वाढत नाही. कोमट पाण्याने धुवा आणि टॉवेलने घासू नका, दाबून टिपा.

सुबोध_रसायन
केराटिनबद्दल, म्हणजे केस ज्याचे बनलेले असतात त्या प्रथिनाबद्दल. अख्खं केराटिन केसात शिरत नाही. यादीत ‘हायड्रोलाइज्ड’ शब्द हवा, म्हणजे तुकडे केलेलं. केस गव्हाचं प्रोटीनही तितक्याच आनंदाने घेतात आणि ते बहुधा स्वस्त असतं. ओला एक केस ताणून बघा. लांबत जाऊन परत येत नसेल तर आठवड्यातून एकदा प्रोटीनवाला वापरून बघायला हरकत नाही. ताणताच कटकन तुटत असेल, केस ताठ लागत असतील तर प्रोटीन थांबवा. कच्चं अंडं लावू नका, त्यातली प्रथिनं आत जाण्याइतकी लहान नसतात आणि गरम पाणी लागलं की केसांत शिजतात. खाण्याचा सोडाही नको, तो अल्कधर्मी असल्याने केसांवरचे खवले उघडतो.

राठकेस
धन्यवाद! अमोडायमेथिकोनवाल्याने पहिल्या दोन-तीन धुण्यांत केस छान होऊन मग चिपकू, लोंबल्यासारखे झाले तर? आमच्याकडे पाणीही जड आहे.

मृण्मयी_०७
मग लगेच कंडिशनर बदलू नका. दोन कारणं असू शकतात. सिलिकॉनचा थर साचला असेल तर तिसऱ्या-चौथ्या धुण्याला एकदा क्लॅरिफायिंग (साचलेलं काढून टाकणारा) शाम्पू, तोही फक्त टाळू नि मधल्या लांबीला. टोकांना फेस ओघळतो तेवढा पुरे. जड पाण्यातलं कॅल्शियम मात्र ब्लीच केलेल्या केसांना जास्त धरतं आणि साध्या शाम्पूने सगळं सुटत नाही. त्यासाठी डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असलेला, ‘चीलेटिंग’ म्हणून विकतात तो शाम्पू महिन्यातून एकदा वापरा. तो वापरलात त्या दिवशी कंडिशनर नेहमीपेक्षा चमचाभर जास्त.

कंगवा
केस वाळल्यावर चिकट लागले तर आधी बघा की नीट धुतलं जातंय का. मानेकडच्या केसांत हमखास राहून जातं.