शब्दचर्चा: ‘मार्शलिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

कॉर्बा आणि जावा आरएमआय (एका यंत्रावरच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या यंत्रावरच्या ऑब्जेक्टला कॉल करण्याच्या, म्हणजे काम सांगण्याच्या दोन पद्धती) आणि त्यांच्यापुढे उभा केलेला वेब सर्व्हर वापरून मोठी आकडेमोड अनेक यंत्रांवर कशी वाटतात, यावर पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपणे लिहिली जात आहेत. गाडी तीन शब्दांवर अडली आहे: मार्शलिंग (दूरच्या कॉलसाठी माहिती तयार करणे), स्टब (दूरच्या ऑब्जेक्टचा आपल्या यंत्रावरचा प्रतिनिधी) आणि ग्रॅन्युलॅरिटी (कामाचे तुकडे किती मोठे किंवा लहान). ‘क्रमिकीकरण’, ‘खुंट’ आणि ‘कणात्मकता’ हे शब्द सुचवले गेले, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यांनी काहीच उभे राहत नाही. शिवाय ‘हाय परफॉर्मन्स कंप्युटिंग’ला ‘उच्च कार्यक्षमता संगणन’ म्हणणे बरोबर आहे का?

प्रतिसाद १

क्रमिकीकरण हा सीरियलायझेशनचा प्रतिशब्द आहे. मार्शलिंगला तो लावू नये, कारण ही दोन कामे वेगळी आहेत. मेमरीत विखुरलेल्या ऑब्जेक्टची बाइटांची सलग ओळ केली की सीरियलायझेशन संपले. ती ओळ फाइलीत पडून राहिली तरी चालते. मार्शलिंगमध्ये दुसऱ्या यंत्रावरच्या कॉलसाठी सगळा ऐवज तयार करायचा असतो. आरएमआयमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. मेथडला दिलेला ऑब्जेक्ट नुसता सीरियलायझेबल असेल तर त्याची प्रत जाते. तोच एक्स्पोर्ट केलेला, म्हणजे दूरचे कॉल घेण्यासाठी खुला केलेला रिमोट ऑब्जेक्ट असेल तर तो जागचा हलत नाही, त्याच्याऐवजी त्याचा स्टब पाठवला जातो. म्हणजे काय न्यायचे, काय मागे ठेवायचे आणि पत्ता कोणता घालायचा, हे सगळे यात आले.

घर बदलताना आपण नेमके हेच करतो आणि त्याला ‘बांधाबांध’ म्हणतो. माझे मत या शब्दाला. ‘बांधणी’ नको, ती जहाजाची किंवा पुस्तकाची असते. उलट क्रियेला ‘गाठोडे सोडणे’ पुरेसे आहे.

प्रतिसाद २

‘बांधाबांध’ला अनुमोदन. रेल्वेच्या मार्शलिंग यार्डातही डबे ज्या क्रमाने लागायचे त्या क्रमाने जोडून गाडी तयार करतात. इंग्रजी शब्दातला मूळ भाव हाच आहे. मराठी शब्दात त्याशिवाय मेहनत दिसते, आणि या विषयात मेहनत दिसणे फार गरजेचे आहे. दूरच्या ऑब्जेक्टवरचा कॉल लिहायला घरच्या कॉलसारखाच दिसतो, तिथेच नवशिका फसतो.

बांधण्याची रीत बदलली की कष्टही बदलतात. कॉर्बाच्या सीडीआर या रीतीत पाठवणारा आपल्या यंत्राच्या बाइटक्रमातच (एका संख्येचे बाइट ज्या क्रमाने ठेवतात त्यात) लिहितो आणि कोणता क्रम वापरला त्याची खूण करून ठेवतो. घेणाऱ्याचा क्रम वेगळा असेल तरच तो उलटापालट करतो. सन कंपनीच्या एक्सडीआर या रीतीत क्रम कायम एकच, मोठा बाइट आधी. त्यामुळे छोटा बाइट आधी ठेवणारी दोन यंत्रे एकमेकांशी बोलत असली तरी दोन्हीकडे विनाकारण उलटापालट होते.

प्रतिसाद ३

ग्रॅन्युलॅरिटीसाठी जात्याकडे चला: ‘दळण’. भरड दळण, बारीक दळण. जाडा रवा आणि बारीक रवा कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

टिपणात हे उदाहरण घाला. १०००×१००० ची मॅट्रिक्स, प्रत्येक संख्या ८ बाइटांची, एकूण ८० लाख बाइट. एका दूरच्या कॉलचा जाण्यायेण्याचा ठरावीक खर्च ०.५ मिलिसेकंद धरू आणि जाळे १ गिगाबिटचे. एकेका संख्येसाठी कॉल केला तर १० लाख कॉल, म्हणजे नुसत्या ये-जा करण्यात ५०० सेकंद. ओळीमागे एक कॉल केला तर १००० कॉल, अर्धा सेकंद. सगळी मॅट्रिक्स एकाच गाठोड्यात पाठवली तर तारेवरचा वेळ साधारण ६४ मिलिसेकंद, आणि ठरावीक खर्च एकदाच.

दुसरी बाजूही लिहा. फार भरड दळले तर १६ यंत्रांपैकी एकाच्या वाट्याला अवघड तुकडा येतो आणि बाकीची १५ त्याची वाट पाहत बसतात. म्हणून यंत्रांच्या काही पट तुकडे करावेत आणि ज्याचे काम संपेल त्याने पुढचा उचलावा. प्रत्येक तुकड्याची आकडेमोड मात्र कॉलच्या खर्चाच्या कितीतरी पट हवी. तुकड्याचे काम ०.०५ मिलिसेकंदाचे आणि कॉल ०.५ चा असेल तर ९१ टक्के वेळ वाटेतच गेला.

प्रतिसाद ४

स्टबला ‘खुंट’ म्हणणे म्हणजे कोशातला पहिला अर्थ उचलणे. चेकबुकातल्या स्टबला आपण ‘स्थळप्रत’ म्हणतो, पण तोही अर्थ इथे लागत नाही. ‘मुखत्यार’ जवळचा वाटतो, तरी मुखत्यार स्वतः निर्णय घेऊ शकतो आणि स्टब काहीच ठरवत नाही.

पेशवाईतला ‘वकील’ आठवा. तो दुसऱ्याच्या दरबारी राहायचा, तिथले बोलणे ऐकून पुण्याला लिहायचा आणि आलेला जबाब सांगायचा. स्टबही क्लायंटच्या यंत्रावर राहतो आणि सर्व्हरवरच्या ऑब्जेक्टच्या वतीने बोलतो. त्याच्यापाशी यजमान यंत्राचा पत्ता, पोर्ट आणि ऑब्जेक्टचा क्रमांक असतो.

या पत्त्यावरूनच आरएमआयमधली नेहमीची अडचण समजते. डेबियन घराण्याच्या लिनक्सवर यंत्राचे स्वतःचे नाव पुष्कळदा १२७.०.१.१ ला, म्हणजे प्रत्येक यंत्रावर स्वतःकडेच वळणाऱ्या पत्त्याला जोडलेले असते. सर्व्हर तोच पत्ता स्टबमध्ये घालतो. क्लायंटला १०९९ पोर्टवरची रजिस्ट्री (नावावरून स्टब देणारी नोंदवही) व्यवस्थित सापडते, स्टबही मिळतो, पण पहिल्याच कॉलला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येते, कारण स्टब क्लायंटच्याच यंत्राचे दार ठोठावत असतो. सर्व्हर सुरू करताना ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ या गुणधर्मात खरा पत्ता द्यावा. ऑब्जेक्टचे पोर्टही ठरवून द्यावे. नाहीतर ते दर वेळी कोणतेही निघते आणि फायरवॉल ते अडवते.

प्रतिसाद ५

वकील सुंदर आहे, पण आजच्या विद्यार्थ्याला काळा कोट दिसेल. टिपणात ‘स्टब’च ठेवावा आणि समजावताना वकिलाचा दाखला द्यावा.

आता शेवटचा प्रश्न. ‘कार्यक्षमता’ इथे चुकीचा आहे. तो एफिशियन्सीचा शब्द आहे आणि याच विषयात त्याला नेमके माप आहे. ६४ गाभ्यांवर (प्रोसेसरच्या कोअरवर) काम २० पट वेगाने झाले तर वेगवाढ २०, कार्यक्षमता (२० भागिले ६४) फक्त ३१ टक्के. तरी ते यंत्र हाय परफॉर्मन्सच. म्हणून ‘अतिवेगवान संगणन’ म्हणा किंवा सरळ ‘महासंगणन’. ‘संगणन’ रुळलेला आहे. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या नावातच ‘प्रगत संगणन’ आहे. त्यांचा परम ८००० हा १९९१ चा महासंगणक.

आणि अनेक यंत्रांवर वाटलेल्या (डिस्ट्रिब्युटेड) कामाला ‘वितरित’च्या जागी ‘विकेंद्रित’ लिहू नका. एकच मुख्य यंत्र सगळ्यांना कामे वाटत असेल तर मांडणी वितरित झाली, केंद्र मात्र जागेवरच आहे.

प्रतिसाद ६

वेब सर्व्हरच्या भागासाठी एक शब्द: ‘पावती’. आकडेमोड तासभर चालणार असेल तर विनंती उघडी धरून बसू नये. एन्जिनएक्स हा पुढे उभा राहणारा वेब सर्व्हर, मांडणी बदलली नसेल तर, मागच्या सर्व्हरच्या उत्तराची ६० सेकंदच वाट पाहतो, मग ५०४ (वेळ संपली) हा उत्तराचा क्रमांक देतो. सर्व्हरने लगेच २०२ (काम स्वीकारले) आणि कामाचा क्रमांक द्यावा, क्लायंटने तो दाखवून निकाल नंतर न्यावा. हा क्रमांक म्हणजे पावती. वरची मॅट्रिक्स वेबवरून पाठवाल तर आणखी एक अडथळा आहे: एन्जिनएक्सची विनंतीच्या आकारावरची मूळ मर्यादा १ मेगाबाइट, त्यामुळे ४१३ (मजकूर फार मोठा). बेस ६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या रीतीत) बांधली तर ८० लाख बाइटांचे सुमारे १ कोटी ७ लाख होतात, म्हणून बायनरीच पाठवा.

सिराक्यूज विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेला जेवॉर्ब हा सर्व्हरही टिपणात हवा. एकच सर्व्हर वेबच्या आणि कॉर्बाच्या, दोन्ही विनंत्या घ्यायचा. कॉर्बाचा निरोप ‘जीआयओपी’ या चार अक्षरांनी सुरू होतो आणि वेबची विनंती ‘गेट’ किंवा ‘पोस्ट’ने, त्यामुळे पहिल्या काही बाइटांवरून पाहुणा कोण ते कळते.

प्रश्नकर्ता

टिपणातले वाक्य आता असे केले आहे: ‘दळण भरड ठेवा, मॅट्रिक्स एकदाच बांधून स्टबच्या हाती द्या आणि पावती घेऊन कनेक्शन सोडा.’

प्रतिसाद १

‘दळण भरड ठेवा’च्या पुढे ‘पण यंत्रांच्या संख्येपेक्षा तुकडे जास्त असू द्या’ हेही जोडा. तेवढे सुटले तर १५ यंत्रे रिकामी बसतील.