मदत हवी आहे: बारा फुटी बाहुलीची मान टिकत नाही

शुक्रवारकर: मिरवणूक आठ दिवसांवर आलीय आणि बाहुलीची मान तिसऱ्यांदा कलली. गल्लीतली पोरं आणि बायका मिळून 'पंचगंगा आजी' करतोय. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावरनं बिंदू चौकापर्यंत न्यायची, वाटेत चार ठिकाणी थांबून नदीत मिसळणाऱ्या नाल्यांच्या पाण्याबद्दल छोटा खेळ करायचा. काल गालाला बोट लावलं तर ते आतच गेलं, आत हिरवी बुरशी. काय करू? लवकर सांगा.

कागदवाला: कागद चिकटवायची खळ कशाची? डोकं केवढं? वाळवता कुठं? मान कशाची? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

शुक्रवारकर: खळ मैद्याचीच, आणि कशाची असणार? डोकं तीन फुटी, मानेला बांबू, ठेवलंय तालमीच्या मागच्या खोलीत. पाऊस तर तुम्हाला दिसतोच आहे.

वऱ्हाडी_मन: नागपूरला येऊन मारबत बघा एकदा, भल्यामोठ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. काळी 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. बांबू आणि कागदाचंच काम, सोबत बडगे म्हणजे टीकेचे पुतळे असतात, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, म्हणजे पाऊस आम्हालाही असतोच.

शुक्रवारकर: मारबत शेवटी जाळतात ना दादा? आमच्या आजीला घरी परत आणायचंय.

जुना_बाइंडर: खळ शिजताना चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका. आमच्या दुकानात चाळीस वर्षं तीच खळ, ना बुरशी ना झुरळ.

मीनाताई_क: मोरचूद विष आहे हो! सात-आठ वर्षांची पोरं हात घालणार त्यात.

जुना_बाइंडर: ताई, आमचे हात शाबूत आहेत.

मीनाताई_क: तुमचे असतील. पोरं तेच बोट तोंडात घालतात.

भावा_कोल्हापुरी: एवढं कशाला? थर्माकोल कोरा, वर रंग मारा. एका दिवसाचं काम, हलकं पण.

मीनाताई_क: नदीसाठी निघायचं आणि थर्माकोल घेऊन?

सावंतवाडीची: कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजातल्या कळसूत्री बाहुल्या आहेत तिथं. त्यातल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

कागदवाला: त्या दोऱ्यांनी नाचवायच्या लहान बाहुल्या. इथं प्रश्न बारा फुटी बाहुलीच्या डोक्याचा आहे.

वकील_शाहूपुरी: पोलिसांची परवानगी काढलीय का? मार्ग आणि वेळ लेखी द्या.

शुक्रवारकर: काढलीय. मानेचं सांगा कुणीतरी!

कागदवाला: लगदा लावलाय की पट्ट्या?

शुक्रवारकर: लगदा. गणपतीला लावतात तसा. आत्ता वजन केलं, नुसतं डोकं साडेआठ किलो.

कागदवाला: इथंच चुकलंय. लगद्याचा जाड थर वरनं वाळतो, आत ओलाच राहतो. म्हणून बुरशी, म्हणून वजन, म्हणून मान. पीटर शुमान यांनी 1963 साली न्यूयॉर्कमध्ये 'ब्रेड अँड पपेट' हे बाहुल्यांचं नाट्यमंडळ सुरू केलं, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चांत ते अशाच भल्यामोठ्या बाहुल्या घेऊन चालले. मातीच्या साच्यावर कागद चिकटवायचा, वाळला की माती काढायची, मुखवटा पोकळ. तुम्ही तेच करा. शाडूचा चेहरा घडवा, वर ओलं प्लॅस्टिक, मग सिमेंटच्या पोत्याच्या आतल्या खाकी कागदाच्या पट्ट्या, पोतं नीट झटकून. एक थर उभा, एक आडवा. प्रत्येक थर पंख्याखाली पुरता वाळल्याशिवाय पुढचा नको. खळ रोज ताजी, म्हणजे मोरचुदाची गरजच नाही. मागचं डोकं नकोच, तिथं लुगड्याचा पदर येऊ दे.
मान हातात धरायची नाही. जुन्या ट्रेकिंग सॅकची चौकट पाठीला बांधा, बांबू त्यात, भार कमरेवर येतो. हातांच्या काठ्या दोन वेगळ्या माणसांकडे. आणि पुढं एक माणूस फक्त विजेच्या तारा बघायला. ओला बांबू तारेला लागला तर जीवावर बेतेल.

भावा_कोल्हापुरी: गणपतीच्या तोंडावर कुंभार माती देणार व्हय?

शुक्रवारकर: दिली. दोन टोपल्या, पैसेही घेतले नाहीत, म्हणाले नदीचंच काम आहे. चेहरा शेजारच्या आत्तींनी घडवला, हनुवटीवरची सुरकुती अगदी त्यांच्या सासूची आलीय. रात्री दुसरा थर झाला. सॅकही मिळाली. पण नाकाच्या कडेला पट्टी फुगतेय, कात्रीनं बारीक करून लावू का?

कागदवाला: कात्री नको. हातानं फाडा. फाटलेली कड बसते, कापलेली उभी राहते.

शुक्रवारकर: बसली!