सभासदाच्या बखरीतला धूमकेतू सात महिने आधी कसा उगवला?

सह्यवाट:
परवा सभासद बखर पुन्हा काढली होती. शिवाजी महाराजांचं देहावसान झालं त्या दिवशी काय काय घडलं, ते कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. पृथ्वीकंप झाला, गगनी धूमकेतू उदेला, उल्कापात झाला, रात्री जोड इंद्रधनुष्यं निघाली, शंभुमहादेवाच्या तळ्याचं पाणी रक्तासारखं झालं.

आता तारखा बघा. महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला, चैत्री पौर्णिमेला. त्या वर्षीचा तो प्रचंड धूमकेतू जर्मनीत गॉटफ्रीड किर्श या खगोलज्ञाला सापडला १४ नोव्हेंबरला. दुर्बिणीतून सापडलेला हा पहिला धूमकेतू. डिसेंबरच्या मध्यावर तो सूर्याला वळसा घालून बाहेर आला आणि मग संध्याकाळच्या आकाशात त्याची शेपटी क्षितिजापासून थेट डोक्याच्या दिशेने चढलेली लोकांनी पाहिली. आपल्याकडे तेव्हा पौष लागत होता. सभासदाने बखर लिहिली १६९७ च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. तोपर्यंत सतरा वर्षं उलटली होती आणि धूमकेतू सात महिने मागे सरकून चैत्रात जाऊन बसला होता.

एवढं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, बघा, किती अंधश्रद्ध होते. मला हे पटत नाही, म्हणूनच हा धागा. ज्यांच्याकडे आकाशाखेरीज दुसरं पंचांग नव्हतं, त्यांना ग्रहांची चाल पाठ होती. ग्रहण कधी लागणार ते आधी काढता येत होतं. अशा हिशेबी आकाशात एके दिवशी न सांगता, न विचारता एक पांढरा पट्टा उगवतो आणि दोन महिने जात नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत स्पष्ट लिहून ठेवलंय की केतूचा, म्हणजे धूमकेतूचा, उदय आणि अस्त गणिताने कळणं शक्य नाही. कुणी म्हणतात केतू १०१ आहेत, कुणी म्हणतात १०००, नारद म्हणतो एकच आहे आणि तोच नाना रूपं घेतो. ही सगळी मतं त्याने पुढे मांडून ठेवली. जे मोजता येत नाही त्याला भिणं यात मूर्खपणा कुठे आला?

कातळ:
पहिल्या वाक्यापासून असहमत आहे. वराहमिहिराचा तुम्ही अर्धाच भाग सांगितलात. गणिताने कळत नाही म्हणणारा हाच माणूस पुढे सांगतो की केतू जितके दिवस दिसेल तितके महिने त्याचं फळ मिळेल. कोणत्या रंगाचा, कोणत्या दिशेचा, कोणत्या नक्षत्राला शिवला की कोणत्या देशाचा राजा मरेल, याची श्लोकांवर श्लोक यादी आहे. येण्याजाण्याला गणित नाही, पण फळाला मात्र दिवसाला महिना असा चोख हिशेब! अज्ञान मान्य करण्याला प्रामाणिकपणा म्हणतात हे ठीक, पण त्याच अज्ञानावर भाकितांची इमारत बांधली की तो प्रामाणिकपणा संपतो.

आणि या भीतीचा उपयोग नेहमी वरच्यांनी केला. १५७७ चा मोठा धूमकेतू घ्या. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत आंद्रेआस सेलिखिउस नावाच्या धर्माधिकाऱ्याने छापून वाटलं की धूमकेतू म्हणजे माणसांच्या पापांचा दाट धूर आहे, देवासमोर रोज चढतो आणि शेवटी देवाच्या कोपाने पेटतो. त्याला त्याच काळातल्या आंद्रेआस दुदिथ या विद्वानाने उत्तर दिलं, की तसं असतं तर आकाशात धूमकेतू कधी मावळलाच नसता. म्हणजे त्या काळातही सरळ विचार करणारी माणसं होती. ‘त्या काळी सगळे असंच मानत’ हे म्हणणं दुदिथसारख्यांवर अन्याय आहे.

तोच धूमकेतू इस्तंबूलमध्ये तकी अद्-दीन या खगोलज्ञाने पाहिला. सुलतानाने त्याला नवी वेधशाळा बांधून दिली होती. त्याने इराणच्या स्वारीला हा शुभशकुन आहे असं सांगितलं. तीन वर्षं गेली नाहीत तोवर, १५८० मध्ये, ती वेधशाळा जमीनदोस्त केली गेली. दरबारी राजकारण त्यामागे होतंच, पण वेधांपेक्षा शकुनांची किंमत जिथे जास्त असते तिथे वेधशाळा अशाच जातात.

मोडीवाचक:
सह्यवाट, मूळ मुद्द्यावर येतो. सभासदाच्या आठवणीत धूमकेतू सरकला असं तुम्ही धरून चाललाय. मला ते तसं वाटत नाही. त्याच्या यादीला धूमकेतूची प्रत्यक्ष गरजच नाही. भीष्मपर्वात युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला दुश्चिन्हं सांगतात, त्यात महाघोर धूमकेतू पुष्य नक्षत्राला आक्रमून राहिलाय असं आहे. भूकंप आहे, उल्का आहेत, रक्ताचा पाऊस आहे. कीर्तनात, पुराणात हे ऐकत वाढलेला माणूस युगपुरुषाच्या मृत्यूचं वर्णन करताना हीच चौकट घेणार. ‘राजा गेला आणि पृथ्वीला काहीच वाटलं नाही’ असं तो लिहिणार कसा? ही शोकाची भाषा आहे. तिला पंचांग लावून तपासणं म्हणजे अभंगात वृत्तपत्र शोधण्यासारखं आहे.

सह्यवाट:
मोडीवाचक, भीष्मपर्वाची चौकट मान्य. पण त्या चौकटीत घालायला १६८० चा खरा धूमकेतू हाताशी होता, आणि तो पाहिलेली माणसं जिंजीत सभासदाच्या अवतीभवती बसलेली होती, हेही विसरता येत नाही. त्यांच्या मनात ‘महाराज गेले ते वर्ष’ आणि ‘आभाळभर शेपटी दिसली ते वर्ष’ एकच होतं. शके १६०२. दोन गोष्टी एका शकात घडल्या की तीसेक वर्षांत त्या एका दिवसात येतात. इथे तर त्याच्या निम्म्याच काळात आल्या.

त्याहून मला जास्त विचारात पाडणारी गोष्ट वेगळीच आहे. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक जानेवारी १६८१ चा, माघ शुद्ध सप्तमीचा. धूमकेतू तेव्हा फिका पडत चालला होता, पण आकाशातून गेलेला नव्हता. न्यूटनने तर त्याचे वेध मार्चपर्यंत घेतले. म्हणजे शास्त्राप्रमाणे खरी धास्ती या मुहूर्ताला वाटायला हवी होती. तरी राज्याभिषेक झाला. भीती होती, पण तिने राज्याचा कारभार अडला नाही.

कातळ:
की नंतर लिहिणाऱ्यांना धूमकेतू जिथे हवा होता तिथे त्यांनी नेऊन ठेवला? माझं म्हणणं तेच आहे. शकुनाचं गणित नेहमी मागून मांडलं जातं. युरोपात १६१८ चे धूमकेतू तीस वर्षांच्या युद्धाची सूचना म्हणून शतकभर सांगितले गेले. प्रागमध्ये सम्राटाच्या माणसांना खिडकीतून फेकलं आणि ठिणगी पडली ती मे महिन्यात, धूमकेतू आले त्यानंतर. मेक्सिकोत तिथल्या राजाला, मोक्तेसुमाला, स्पॅनिश येण्याआधी अग्नीची शेपटी दिसली असं जे लिहिलंय, तेही पराभवानंतर काही दशकांनी लिहिलेलं. तिन्हीकडे एकच पद्धत.

१६८० चाच धूमकेतू मेक्सिकोतही दिसला होता. तिथे कार्लोस दे सिगुएन्सा इ गोंगोरा या गणितज्ञाने जानेवारी १६८१ मध्ये, म्हणजे इकडे राज्याभिषेक होत होता त्याच महिन्यात, पत्रक काढून लोकांना सांगितलं की याला भिऊ नका. लगेच एउसेबिओ किनो या जेजुइट पाद्रीने विरुद्ध पुस्तक काढलं, आणि सिगुएन्साने त्याचं खंडन लिहिलं. तेव्हाही वाद होता, बाजू होत्या. आपण आज चुकीच्या बाजूला सहानुभूती का द्यायची?

ध्रुवमत्स्य:
कातळ, कारण त्या ‘चुकीच्या’ बाजूने शेकडो वर्षं वह्या भरल्या! चीनच्या दरबारात आकाश बघायला पगारी माणसं होती. केरसुणीसारखा तारा दिसला की तो कुठे उगवला, कोणत्या नक्षत्रातून गेला, शेपटी किती लांब, कोणत्या रात्री दिसेनासा झाला, हे लिहून बादशहाला कळवायचं. कशासाठी? तर साम्राज्यावर संकट आहे का ते कळावं म्हणून. १९७३ मध्ये तिथल्याच मावांगदुईच्या थडग्यात एक रेशमी पट सापडला. त्यात २९ धूमकेतू काढलेत आणि प्रत्येकाखाली तो आला तर काय होईल ते लिहिलंय. थडगं इ.स.पू. १६८ चं. त्या चित्रांमध्ये एकेका शेपटीचे फाटे वेगवेगळे दाखवलेत, कुठे तीन, कुठे चार. भिणाऱ्या माणसाने इतकं बारकाईने पाहिलंय.

हॅलेच्या धूमकेतूची इ.स.पू. २४० ची नोंद चीनची आहे. इ.स.पू. १६४ आणि ८७ ची बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर आहे. इ.स. ८३७ मध्ये तो पृथ्वीच्या फार जवळून गेला, तेव्हा शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते हा नियम चिनी दरबारी नोंदीत उतरला. युरोपात पेटर आपियान या खगोलज्ञाने तेच १५३१ मध्ये सांगितलं, सात शतकांनी. हॅलेच्या धूमकेतूचा दोन हजार वर्षांचा मार्ग आज उलटा काढता येतो तो या शकुनाच्या वह्यांवर तपासूनच.

कातळ:
चीनच्या नोंदींचा मुद्दा भक्कम आहे, मानतो. फक्त एक गोष्ट. तोच धूमकेतू पुन्हा पुन्हा येतो हा शोध हॅलेला लागला तो १५३१, १६०७ आणि १६८२ च्या मोजलेल्या स्थानांवरून. शकुन काय सांगतो हे त्याला लागलंच नाही. १७५८ ला परत येईल असं त्याने सांगितलं, आणि तो स्वतः १७४२ मध्ये वारला तरी धूमकेतू आला. नाताळच्या रात्री सॅक्सनीतल्या योहान गेओर्ग पालित्श या शेतकऱ्याला तो पहिल्यांदा दिसला. शेतकऱ्याला! कारण कुठे बघायचं हे त्याला आता माहीत होतं. माझ्या दृष्टीने भीती तिथे संपते.

ध्रुवमत्स्य:
ज्याचा १६०७ चा वेध हॅलेने वापरला त्या खगोलज्ञ केप्लरने स्वतः धूमकेतूंची फळंही लिहिली होती. एकाच माणसाच्या एकाच डोक्यात दोन्ही होतं. आणि भीती तिथे संपली असती तर १९१० ला हॅलेच्याच धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडल्याची बातमी आल्यावर लोकांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या नसत्या, धूमकेतूपासून वाचवणाऱ्या म्हणून गोळ्या विकत घेतल्या नसत्या. पृथ्वी मे महिन्यात शेपटीतून गेली आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

पडवी:
सगळा धागा वाचला. सभासद म्हणतो ते शंभुमहादेवाचं तळं म्हणजे शिखर शिंगणापूरचा, मालोजीराजांनी बांधलेला पुष्कर तलाव. आमचं गाव त्याच माण तालुक्यात, म्हणून लिहिते.

१९६५ च्या ऑक्टोबरअखेर इकेया-सेकी धूमकेतू आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, पूर्वेला. खालचं टोक डोंगराच्या कडेला टेकलेलं आणि वर तिरका पांढरा पिसारा. आज्जी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची. तिने तो बघितला, हात जोडले, आणि काही न बोलता आत गेली. मी मागे गेले. तिने कंदील खाली ठेवला, बाजरीच्या कणगीचं झाकण काढलं आणि हात आत घालून बघितलं, दाणे कोपरापर्यंत लागतात की खांद्यापर्यंत. खांद्यापर्यंत हात गेला तरी बोटांना दाणे लागले नाहीत. मग तिने आईला सांगितलं, आजपासून एक भाकरी कमी थापायची.

जानेवारीत ताश्कंदला शास्त्रीजी गेले तेव्हा ती म्हणाली, बघ, सांगितलं होतं त्याने.

कातळ:
ताई, तुमची आज्जी डोळ्यासमोर उभी राहिली. पण पाऊस तर त्या वर्षी जून ते सप्टेंबरातच दगा देऊन गेला होता. कणगी रिकामी होती ती धूमकेतूमुळे नव्हे. त्याच्याशिवायही हात घालून बघता आलं असतं.

पडवी:
आलं असतं. पण तिने बघितलं त्या पहाटे, हे मी पाहिलंय. तिला पाऊस गेल्याचं कळत नव्हतं असं नाही. रोज कणगीकडे बघणं ती टाळत होती, असं आता मला वाटतं. घरात नऊ माणसं होती.

सह्यवाट:
पडवीताई, एक विचारू? त्या पहाटेनंतर त्यांनी पुन्हा तो पाहिला का? आमच्याकडे म्हणत की पुन्हा बघू नये.

पडवी:
आमच्याकडेही म्हणत. मुलांना तर बाहेर सोडतच नव्हते. तीन-चार दिवसांनी तिनेच मला हलवून उठवलं. गारठा होता, मला घोंगडीत गुंडाळून तिने ओट्यावर बसवलं. पिसारा पहिल्यापेक्षा बराच विरळ झाला होता. म्हणाली, नीट बघून घे, जातंय ते.