काजवा महोत्सव बंद करा म्हणे!

अकोलेकर
दोन दिवस व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरतेय. भंडारदऱ्याचा काजवा महोत्सव कायमचा बंद करा, मे अखेरपासून पाऊस लागेपर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यांवरून एकही पर्यटक आत सोडू नका, कारण 'गाववाल्यांनी पैशासाठी जंगलाची जत्रा केली'. लिहिणारे साहेब स्वतः दरवर्षी काजव्यांचे फोटो काढायला येतात, हे त्याच पोस्टमध्ये खाली त्यांनीच मोठ्या अभिमानानं लिहिलंय. म्हणजे यांचं बघून झालं, आता दार लावा!

घाटघर, उडदावणे, साम्रद, मुतखेल, कुठंही जा. पावसाळी भात सोडला तर हाताशी फारसं काही नाही. भात निघाला की माणसं नारायणगावला मजुरीला. या दोन-तीन आठवड्यांत चार तंबू लावून, पिठलं-भाकरी विकून पोरांना गावातच चार पैसे मिळतात, तर यांच्या पोटात दुखतं. आमच्या बैलगाडीला हेडलाइट नसतात हो.

निशाचर
पोस्ट माझी नाही, पण बरीचशी पटली. काजवा तुमच्या रीलसाठी चमकत नाही. नर उडता उडता इशारा देतो, बऱ्याच जातींत मादी खाली झुडपात बसून त्याला उत्तर देते. मध्ये एसयूव्हीचा एलईडी आला की कारभार आटोपला. पूर्ण वाढलेला काजवा जगतो काही आठवडे, आणि त्यातले शनिवार-रविवार आपण खाणार. अळ्या तर वर्षाचा बहुतेक काळ ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, नेमक्या तिथंच तुमचे 'चार तंबू' ठोकलेले.

चार कुठले? मागच्या हंगामात मी पाहिलं, पाण्याच्या कडेला तंबूला तंबू चिकटलेला आणि मधोमध जनरेटर. डोक्यावर सादड्याचं एवढं मोठं झाड, त्यावर एक ठिणगी नाही. खाली हॅलोजनच्या उजेडात पोरं कांदाभजी खातायत आणि एकमेकांना विचारतायत, "काजवे कुठंयत रे?" १९८६ साली अभयारण्य जाहीर केलं ते यासाठी?

अकोलेकर
जनरेटरवाले गावचे नसतात. पुण्या-मुंबईचे कॅम्पवाले, जागा भाड्यानं घेतात, बुकिंगचे पैसे परस्पर मोबाईलवर. आमच्या वाट्याला पत्रावळ्या आणि बाटल्या.

निशाचर
जागा भाड्यानं देतं कोण?

त्रस्त_पर्यटक
तुमचं चालू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे. एक तर ते फोटो. दहा-वीस मिनिटांत टिपलेल्या फ्रेमा एकावर एक चढवून झाडाची दिवाळी करतात आणि आम्ही तेच बघायला रात्रभर गाडी हाणतो. दुसरं, नाक्यावर माणशी पावती वेगळी, गाडीची वेगळी, पुढे गावात पार्किंगची आणखी एक. एवढं मोजून शौचालय कुठंय? काजवे जगोत वा मरोत, आधी याचं बोला.

मृण्मयी_नाशिक
चला, कोणीतरी विषय काढला! सासूबाईंना घेऊन गेले होते, गुडघे दुखणारं माणूस. गावाचं नाव घेत नाही. पांढऱ्या टाइल्सचं नवंकोरं शौचालय, बाहेर निळ्या रंगात 'महिला', आणि कडीला जाड वायर पिळून बांधलेली. पक्कड असती तरच उघडलं असतं. फटीतून बघितलं तर आत छतापर्यंत गोवऱ्या रचलेल्या. शेवटी शेजारच्या घरातल्या मावशींनी आम्हाला परसात नेलं, दोन तांबे पाणी दिलं. पैसे पुढे केले तर रागावल्या. पुरुष मंडळी हव्या त्या झाडाआड उभी राहतात आणि इथं येऊन जैवविविधतेवर प्रवचनं देतात.

निशाचर
टोमणा पोचला.

अकोलेकर
ताई, ते दोन तांबे त्या मावशींनी कुठून आणले असतील? घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. चार महिने धो धो. पण कातळात पाणी मुरत नाही, आणि मे महिन्यात त्याच पट्ट्यातल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावतात, कुठं टँकरची वाट बघतात. संडासात ओतायला पाणी आणायचं कुठून? वायर उगाच नाही बांधलेली. उघडं ठेवलं की शनिवारी रात्रीत त्याचं काय होतं, ते रविवारी सकाळी येऊन बघा.

सह्यमित्र
आणि समोर केवढं धरण! १९२६ साली इंग्रजांनी पुरं केलं. पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला. धरण उशाला, कोरड घशाला.

श्रीरामपूरकर
आला, ऊस आला! काजव्यांच्या धाग्यावरही आम्हीच गुन्हेगार. उन्हाळी आवर्तनासाठी, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीसाठी, आम्ही किती तोंड वेंगाडतो ते या बांधावर येऊन बघा. समन्यायी पाणीवाटपाच्या २००५ च्या कायद्यावर बोट ठेवून आमच्याच धरणांतलं पाणी जायकवाडीला सोडतात, तेव्हा हे सह्यमित्र कुठं असतात?

सह्यमित्र
सोडतात ना? मग पाणी गेलं की कसं वाटतं हे तुम्हाला कळायला हवं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या हंड्याला तुमच्या आवर्तनाचं काय कौतुक?

श्रीरामपूरकर
तुमच्या प्रोफाइलवर मुलुंड लिहिलंय. तुमच्या मुंबईला भातसा-तानसाचं पाणी येतं आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. आधी तो नळ बंद करा, मग माझ्या उसात शिरा.

सह्यमित्र
वैयक्तिक पातळीवर उतरायची गरज नाही.

श्रीरामपूरकर
माझा ऊस सार्वजनिक आणि तुमचा नळ वैयक्तिक. वा रे वा!

टेनेसीकर
मंडळी, जरा थंड घ्या. आमच्या इकडे ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये एल्कमाँटला एका लयीत चमकणारे काजवे आहेत. त्या दिवसांत रात्री गाडी न्यायची तर लॉटरीत नाव लागावं लागतं. टॉर्चला लाल किंवा निळा सेलोफेन, तोंड जमिनीकडे. आमचं नाव लागलं नाही, घरी बसलो. कोणी आंदोलन केलं नाही.

त्रस्त_पर्यटक
आली अमेरिका! इथं लॉटरी काढा, पहिली शंभर नावं पुढाऱ्यांच्या पाव्हण्यांची निघतील.

निशाचर
निघू देत की. शंभरच निघतील ना! पण लॉटरीपेक्षा सोपं सांगतो. खासगी गाड्या धरणाजवळच्या शेंडी गावातच अडवा, पुढे गावातल्याच जीपनं न्या. भाडं गावाला आणि दिवे कुठं मालवायचे हे त्या ड्रायव्हरला पाठ.

अकोलेकर
म्हणजे महोत्सव बंद करायचा नाही? पंचांगात लिहून ठेवतो.

निशाचर
शनिवारी बंद. बाकीचे दिवस जीपनं. तंबू झाडांपासून लांब, जनरेटर दिसला की जप्त.

अकोलेकर
शनिवार काढला तर उरलं काय? मंगळवारी रजा टाकून तुम्ही येणार? जीपचं मात्र ठीक आहे. आमच्या गावात बैठकीत हा विषय निघाला होता. रस्त्यालगत ज्यांचं पार्किंग चालतं त्यांनीच आडवा पाय घातला. तेही आमचेच, त्यामुळे जास्त बोलत नाही. जनरेटर जप्त करा, माझी हरकत नाही.

मृण्मयी_नाशिक
ऊस झाला, जायकवाडी झाली, टेनेसी झालं. ती जीप थांबणार कुठं? वायर बांधलेल्या दाराशीच ना?

अकोलेकर
गावच्या समितीनं मनावर घेतलं तर पावतीच्या पैशातून हंगामापुरता पाण्याचा टँकर सांगता येईल, साफसफाई करणाऱ्याला रोज देता येईल. गोवऱ्या हलवायचं मी बघतो. पण मग पावती वाढेल. चालेल?

त्रस्त_पर्यटक
परत पावती!!

मृण्मयी_नाशिक
मला चालेल. पैसे भरायच्या आधी दार उघडं दिसलं पाहिजे.

नवीन_सभासद
वळीव झाला का तिकडं? शनिवारी सहा जण येतोय, दोन गाड्या. अगदी झाडाखालीच तंबू मिळेल का? आणि ड्रोन चालतो का?