गहू बंद केलाय, बिअरचं काय करू? (ठाणे / नवी मुंबई)

मानपाडा_सिग्नल
मंडळी, डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलाय. पोळीचं काही वाटत नाही, घरात भाकरी आधीपासून होतीच. अडचण शनिवारची आहे. आमचा कंपू कधी घोडबंदर रोडला, कधी बेलापूरच्या सेक्टर १५ ला बसतो आणि मी लिंबू सरबत पुढ्यात घेऊन सगळ्यांची सहानुभूती गोळा करतो. बिअरमध्ये गहू असतो का? कुठली चालेल? बिअर नाहीच जमली तर तशीच थंडगार, हलकी दुसरी काही सुचवा. व्हिस्की नको, कितीही आग्रह केलात तरी.

पारसिक_बोगदा
बिअर जवाची असते राव. बिनधास्त घ्या.

लॅबवाली_ताई
बिनधास्त नको. आधी सांगा, गव्हाची अ‍ॅलर्जी निघालीय की सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार? गहू दोन्हींत बंद होतो, पण बिअरच्या बाबतीत उत्तर वेगवेगळं आहे. सीलिअ‍ॅकमध्ये त्रास ग्लूटेन या प्रथिनाचा. ते गव्हात असतं तसं जवातही असतं आणि बिअर बनवताना सगळं निघून जात नाही. म्हणजे नेहमीची कुठलीच बिअर नाही, मग ती माइल्ड असो की स्ट्राँग. नुसती गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर जवाची लागर, म्हणजे आपली नेहमीची पिवळी बिअर, बऱ्याच जणांना चालते. काहींना मात्र जवाचाही त्रास होतो, तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका.
आणखी एक. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू सोडायच्या आधी केली होती ना? सोडल्यावर बऱ्याच दिवसांनी केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

मानपाडा_सिग्नल
ताई, तपासणी आधीच झाली, निगेटिव्ह आहे. गव्हाची अ‍ॅलर्जी निघाली, अंगावर गांधी उठतात. जवाला डॉक्टरांची हरकत नाही.

सीवूड्सकर
मग सुटलात. नावात विट, व्हाइट, वाइस, हेफे असलं काही दिसलं की बाटली परत फ्रीजमध्ये ठेवायची. बिरा व्हाइट, होगार्डन, किंगफिशर अल्ट्रा विटबिअर, सिंबा विट या सगळ्या गव्हाच्या. जर्मनीत तर वाइसबिअर म्हणवून घ्यायला किमान निम्मं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं असावं लागतं. उलट हाइनकेन जवाच्या माल्टची, बडवायझरमध्ये जवाबरोबर तांदूळ. तरी कॅनवर घटकांची ओळ वाचायचीच, आणि गर्दीच्या काउंटरवर नाही, उजेडात.

खरी काळजी ब्रूपबमध्ये, म्हणजे जिथे बिअर तिथेच बनवतात तिथे, घ्यायला लागते. फेस टिकावा म्हणून ब्रूअर इतर बिअरमध्येही थोडं गव्हाचं माल्ट घालतात. आयपीए नावाची कडवट बिअर असते, त्यातल्या गढूळ दिसणाऱ्या प्रकारात ओट्सच्या जोडीला गहू बऱ्याचदा असतोच. वेटरला विचारलंत तर "नाही सर, एकदम प्युअर" हेच ऐकायला मिळणार. त्याचा दोष नाही, त्याला सांगितलेलंच नसतं. संध्याकाळी गर्दी व्हायच्या आत जा आणि ब्रूअरला भेटा. या बॅचला कुठलं माल्ट पडलंय, गव्हाची बिअर त्याच नळातून आधी येत होती का, लाइन कधी धुतली, एवढं विचारा. ज्याला आपल्या कामाचं कौतुक आहे तो आत नेऊन गोणीच दाखवतो. जो "काही होत नाही हो" म्हणतो, त्याच्याकडे बाटलीबंद लागर मागवावी.

खाडीकाठ
सगळे ग्लासात बघतायत, चखण्याकडे कुणाचं लक्ष नाही! सुरमई रवा फ्राय मागवता ना? रवा कशाचा असतो? चिली चिकनमध्ये सोया सॉस पडतो, तो बहुतेक वेळा सोयाबीन आणि गहू आंबवून केलेला. भजी बेसनाची खरी, पण त्याच कढईत आधी समोसे तळलेले असतात. आणि हिंग! बाजारातल्या डबीत निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं, बऱ्याचदा गव्हाचं. चणाडाळीवर, मसाला शेंगदाण्यांवर, पापडात, कुठेही तो असू शकतो.
आगरी-कोळी पद्धतीच्या हॉटेलात बसा. बोंबील तांदळाच्या पिठात घोळवून मिळतात, भाकरीही तांदळाची. ऑर्डर देताना "रवा नको, तवा पुसून घ्या" असं दोनदा सांगायचं, दुसऱ्यांदा थेट गल्ल्यावर. नाहीतर उकडलेले शेंगदाणे, वर कांदा, लिंबू, तिखट. त्याला तोड नाही.

पारसिक_बोगदा
खपली गहू चालतो ना पण? आमच्याकडे सगळे म्हणतात.

लॅबवाली_ताई
खपली गहूच आहे हो. अ‍ॅलर्जीवाल्यांनी नाही खायचा, सीलिअ‍ॅकवाल्यांनी तर नाहीच नाही.

द्राक्षमळा
मूळचा नाशिकचा, आता खारघरला. वाइन सुचवणार होतो, पण तुम्हाला थंड आणि हलकं हवंय, तर मीड घेऊन बघा. मध आंबवून करतात, धान्याचा संबंध नाही. पुण्याची मूनशाइन मीडरी आहे, सफरचंदाची आणि कॉफीची मीड करतात, बाटलीही बिअरसारखीच. आमच्या नाशिकची सेराना आहे. दुकानात नुसतं "मीड" म्हटलं तर माणूस तोंडाकडे बघत राहतो, "ती मधाची" म्हणा. मीडमध्ये माल्ट घालायचाही एक प्रकार असतो, तेव्हा लेबल इथेही वाचायचं. सायडर मिळाली तर तीही चालेल, सफरचंदाच्या रसाची असते.
बाकी मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दक्षिण आफ्रिकेत ज्वारी-मक्याची उमकोंबोथी घरोघरी होते, अमेरिकेत २००६ मध्येच रेडब्रिज नावाची ज्वारीची बिअर आली. आणि मालदांडी ज्वारी पिकवणारे आपण विटबिअर पितोय.

लॅबवाली_ताई
ज्वारीच्या बिअरला माझं अनुमोदन. सीलिअ‍ॅक असलेलं कुणी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी: परदेशातून कुणी "ग्लूटेन काढलेली" बिअर आणली तर भुलू नका. ती जवाचीच असते, एन्झाइमने ग्लूटेन तोडलेलं असतं. ग्लूटेन-फ्रीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, पण तोडलेले तुकडे नेहमीच्या चाचणीत नीट मोजले जात नाहीत. ज्वारी, तांदूळ किंवा बकव्हीटपासून केलेली असेल तरच विचार करा. बकव्हीट म्हणजे कुट्टू, नावातल्या व्हीटला घाबरू नका.

मानपाडा_सिग्नल
सगळ्यांचे आभार. या शनिवारी बाटलीबंद लागर आणि उकडलेले शेंगदाणे, मीड पुढच्या वेळी. हिंगाची डबी आत्ताच बघितली, बारीक अक्षरात मैदा लिहिलाय! आता आमटीचं काय?

खाडीकाठ
तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. जांभळी नाक्याला मसालेवाल्यांकडे विचारा. सुट्टा घेऊ नका, डबीच घ्या, म्हणजे वाचता येईल.