ओपन हाऊसआधी रंग की वास?

एकांनी विचारलंय की घर विकायचंय, एप्रिलमधे ओपन हाऊस (म्हणजे खरेदीदारांना घर बघायला खुलं ठेवायचा दिवस) आहे तर सगळं घर रंगवून घेऊ का. मी म्हणेन रंगाचं नंतर बघा, आधी वास घालवा. आम्ही न्यू जर्सीत एडिसनचं टाऊनहाऊस विकायला काढलं तेव्हा एजंटबाई दारातच थबकल्या, म्हणाल्या मसाल्याचा वास येतोय, आणि आम्हाला खरंच काही जाणवत नव्हतं, नाकाला सवय झालेली असते ना. फोडणीचा तेलकट धूर पडदे, कार्पेट, कपाटांच्या वरची बाजू सगळीकडे बसतो. शेगडीवरच्या हूडची (धूर ओढणाऱ्या चिमणीची) जाळी गरम पाण्यात डिश सोप आणि खायचा सोडा घालून भिजवली तर पाणी चहासारखं झालं! हूड हवा बाहेर न टाकता आतच फिरवत असेल तर त्यातला कोळशाचा फिल्टर सहसा धुता येत नाही, नवाच घाला, घर गरम करणाऱ्या फर्नेसचा फिल्टरही बदला. प्लगमधे खोचायचे प्लग-इन सुगंध अजिबात लावू नका, लोकांना वाटतं काहीतरी लपवताय.

मग खिडक्या. हिवाळ्याचे डाग आतून बाहेरून पुसा आणि खिडक्यांच्या डासांच्या जाळ्या काढून बेसमेंटमधे ठेवा, खोलीत किती उजेड वाढतो बघा. अंगणात मल्च (मातीवर पसरायचा लाकूड-सालीचा चुरा) दोन-तीन इंच पुरे, झाडाच्या बुंध्याला टेकवू नका, कुजतं. भिंतीवरचे फॅमिली फोटो उतरवा पण देवघर हलवायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं, फक्त समई-उदबत्तीची काजळी पुसून घ्या. आणि आदल्या दिवशी मासे तळू नका प्लीज.