खो मिळण्याआधीच मुलं उठतात, काय करावं?

पंचवटीकर: पाचवीच्या मुलांना खो-खो शिकवतोय. हात पाठीला लागायच्या आतच बसलेले उठतात, फाऊल होतो. शिवाय उठताना पुढे तोल जातो. उपाय?

शिट्टी: पाठलाग करणाऱ्याचे पाय वाजले की मुलं उठतात, म्हणजे ती कानावर खेळतायत. आठवडाभर पळणाराच ठेवू नका. आठ जण बसवा, मागून कुणी चालत येईल, कधी खो देईल, कधी नुसता निघून जाईल. नुसत्या पावलांवर उठला तो पुन्हा बसेल. मग चालण्याऐवजी धावणं. खो देणाऱ्यालाही बजावा: पाठीला स्पर्श आणि 'खो' एकाच वेळी. आधी ओरडलं की बसलेला उठणारच, त्यात त्याची चूक नाही!

तोल जातो तो बहुधा बैठकीमुळे. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या असतील तर मूल आधी वर उठतं, मग पुढे जातं. पॅरलल टो शिकवा: दोन्ही चवडे एका रेषेत, टाचा उचललेल्या, हातांची बोटं पुढे जमिनीवर. बुलेट टो, म्हणजे एक पाय मागे, नंतर. त्यात वेग मिळतो, पण लहानांचा तोल लवकर सांभाळला जात नाही.

गोदाकाठ: खांबावर सूर मारणं यंदा नकोच. नाशिकची काळी माती उन्हाळ्यात दगड होते. सकाळी पाणी मारून, खडे वेचूनच खेळवा.

पंचवटीकर: टाचा! सगळ्यांच्या टेकलेल्याच असतात. उद्यापासून चालत खो.